ग्रिडचा प्रवाह आणि आवाजाचा आकार

मंडळी, आरे-वारेचा समुद्र वरच्या रस्त्यावरून पाहिलाय ना? खोल पाण्यात लाट कशी गोलसर, डौलात येते. किनाऱ्याजवळ तळ उथळ झाला की तिचा माथा पुढे झुकतो आणि फुटतो. आज लाटेचा बिघडणारा आकारच पाहायचाय, पण विजेच्या लाटेचा.

व्हॉल्व्हमध्ये कॅथोडकडून प्लेटकडे इलेक्ट्रॉन धावतात. ली द फॉरेस्ट यांनी १९०६च्या सुमारास त्यांच्या वाटेत तारेची जाळी बसवली, ती ग्रिड. ग्रिडवरचा व्होल्टेज जरासा हलवला की प्लेटचा प्रवाह बराच हलतो. हे प्रमाण सगळीकडे सारखं राहिलं, तर विवर्धक रेषीय.

ग्रिड कॅथोडपेक्षा ऋण असते तोवर ती इलेक्ट्रॉन घेत नाही, नुसती वाट अडवते. धन झाली की काही इलेक्ट्रॉन स्वतःच पकडते. हाच ग्रिडचा प्रवाह. तो पुरवायचा कुणी? आधीच्या टप्प्यानं. तो दुबळा असेल तर नेमका माथ्यावर त्याचा व्होल्टेज बसतो आणि लाटेचं टोक चपटं होतं.

आता १९२७ साल घ्या. २३ जुलैला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी पुण्याजवळ खडकीहून इंग्लंडकडे बिनतारी तारा जाऊ लागल्या. तारेला बिंदू आणि रेघ पुरते; लहर आहे की नाही, एवढंच कळायला हवं. तिथे माथा चपटा झाला तरी मजकूर शाबूत. गाण्याचं तसं नाही. हळू सूर आणि चढा सूर यांतला फरक हाच तिथे मजकूर. तो चपटा झाला की ऐकणाऱ्याला गायक वेगळाच भासतो.

म्हणून आवाजासाठी जुना नियम असा, की ग्रिड धन होऊच द्यायची नाही. पण त्यात व्हॉल्व्हची ताकद वाया जाते. १९३०च्या दशकात अभियंत्यांनी दुसरी वाट रुळवली. ग्रिडला प्रवाह घेऊ द्या, मात्र आधीचा टप्पा दणकट ठेवा आणि ग्रिडचा स्थिर ऋण व्होल्टेज डळमळू देऊ नका.

‘ग्रिडचा प्रवाह म्हणजे विकृती’ हे वाक्य त्यामुळे अर्धंच खरं. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून सांगतो, निमित्त आणि कारण यांत गल्लत नको. प्रवाह हे निमित्त; पुरवणाऱ्याचा दुबळेपणा हे बरंचसं कारण. बरंचसं म्हणतो, कारण व्हॉल्व्हची स्वतःची वक्रता उरतेच. तिच्याकडे पुढच्या वेळी वळू.