ओळख कोणीं करून द्यावयाची?

संगणकास माउस जोडला कीं तो चालूं लागतो, यांत आज कोणासही नवल वाटत नाहीं. परंतु हें सौख्य फार जुनें नव्हे. नव्या उपकरणाची ओळख यंत्रास कोणीं करून द्यावयाची, हा प्रश्न सुमारें पाव शतक घोळत होता. त्याची हकीकत मराठी लिहिणारांनीं अवश्य लक्षांत घ्यावी अशी आहे.

१९८४ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत ‘एक्स विंडो सिस्टिम’ची रचना सुरू झाली. पडद्यावर खिडक्या मांडणें आणि माउस व कीबोर्ड यांच्या हालचाली प्रोग्रामांपर्यंत पोंचविणें, हें तिचें काम. १९९१ मध्यें लिनक्स जन्मास आलें आणि पुढें ही व्यवस्था ‘एक्सफ्री८६’ या रूपानें सामान्य माणसाच्या मेजावर आली. त्या काळीं ओळख करून देण्याचा भार बहुतांशीं मालकावर असे. माउस कोणत्या पोर्टास जोडला आहे, तो कोणती सांकेतिक भाषा बोलतो, हें सारें एका फाइलींत लिहावें लागे. अशा फाइली आम्हींही लिहिल्या आहेत. एक शब्द चुकला तर बाण पडद्यावर वेडावांकडा धांवे. माउस सांपडलाच नाहीं तर खिडक्या उघडत नसत, आणि काळ्या पडद्यावरील पांढऱ्या अक्षरांपुढें आमची रात्र सरे.

१९९६ सालीं यूएसबीचें पहिलें मानक प्रसिद्ध झालें. तें घडविणाऱ्या मंडळींत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाचे पदवीधर अजय भट्ट हे प्रमुख होते, हें वाचून आमच्या वाचकांस संतोष वाटेल. यूएसबीचें उपकरण यंत्रानें विचारतांच आपला उत्पादक कोण, आपली जात कोणती, हें स्वतःच सांगतें. बोलणारा मिळाला, आतां ऐकणारा हवा होता. लिनक्सचें कर्नल ऐकत असे, पण एक्स मात्र आपल्या फाइलीलाच प्रमाण मानी. २००४ मध्यें एक्सची धुरा एक्स.ऑर्गकडे आली. २००७ च्या १.४ या आवृत्तीनें ‘हॅल’ नामक मध्यस्थाकडून वार्ता घेऊन, काम चालू असतांनाच नवें उपकरण स्वीकारण्याची सोय केली. २०१० च्या १.८ मध्यें ‘हॅल’चें काम ‘यूडेव्ह’कडे गेलें. फाइलीचें स्वरूपही पालटलें. एकेका माउसचें वर्णन करण्याऐवजीं ‘सर्व टचपॅडांस हा नियम’ असें वर्गावार सांगतां येऊं लागलें. कांहींच न सांगितलें तरी बहुधा चालूं लागलें.

येथें मात्र सावध व्हावयास हवें. उपकरण आपली जात सांगतें, मालकाची भाषा सांगत नाहीं. कीबोर्ड केवळ कळीचा क्रमांक पाठवितो. त्या क्रमांकाचा ‘क’ करावयाचा कीं रोमन अक्षर, हें यंत्राच्या नियमांवर ठरतें. भारतीय लिप्यांसाठीं इनस्क्रिप्ट मांडणी १९९१ च्या भारतीय मानकांत समाविष्ट झाली आहे. तरीही ती निवडण्याची एक ओळ, फाइलींत असो वा सेटिंगांच्या खिडकींत असो, आपणांसच लिहावी लागते. सर्व कांहीं आपोआप जुळतें या समजुतीनें आम्ही ती लिहीत नाहीं, आणि सुशिक्षित घरांतील पत्रेंसुद्धां रोमन अक्षरांत मराठी बोलूं लागतात. हा दोष यंत्राचा नव्हे. माउसची ओळख करून देण्याच्या श्रमांतून आपण सुटलों. स्वभाषेची ओळख करून देण्याचें काम मात्र अद्याप आपलेंच आहे.