ऱ्हासाचे कारण शोधताना : प्रस्तावना

वन्यजीवांच्या ऱ्हासाचा अभ्यास सुरू करणाऱ्या वाचकाच्या वाट्याला आधी येतो तो एक आकडा. नोंदी ठेवलेल्या पृष्ठवंशीय प्राण्यांच्या समूहांत १९७० ते २०२० या काळात सरासरी ७३ टक्के घट झाली, असे २०२४ चा ‘लिव्हिंग प्लॅनेट’ अहवाल सांगतो. शंभरातले त्र्याहत्तर प्राणी मेले, असा याचा अर्थ नव्हे. हजारो समूहांतल्या चढउतारांची ती सरासरी आहे आणि तीत वाढलेले समूहही आहेत. आकडा असा नीट वाचणे ही या विषयातली पहिली शिस्त.

कारणेही ठाऊक आहेत. जमीन आणि समुद्राचा बदलता वापर, शिकार व बेसुमार मासेमारी, हवामानबदल, प्रदूषण, बाहेरून येऊन फोफावणाऱ्या प्रजाती. पण एवढ्याने कोणताच प्राणी वाचत नाही. कोणत्या प्राण्याला, कुठे, नेमके काय मारते आहे, हे प्रत्येक वेळी नव्याने शोधावे लागते. गिधाडांची हकीकत मला म्हणूनच फार मोलाची वाटते.

१९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षीशास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांना माना टाकून बसलेली, झाडांखाली मरून पडलेली गिधाडे दिसू लागली. झाडे शाबूत होती, खाण्याला तोटा नव्हता. एखाद्या साथीचा संशय बराच काळ राहिला. अखेर २००४ मध्ये संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मृत गिधाडांच्या तपासणीवरून कारण दाखवून दिले : डायक्लोफिनॅक. गुराढोरांच्या दुखण्यावर सर्रास टोचले जाणारे हे औषध. ते टोचलेले जनावर लवकरच मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. शंभरात एकाहूनही कमी मृत जनावरांत औषध असले, तरी एवढ्या संहाराला ते पुरेसे होते. कारण एका जनावरावर गिधाडांचा थवाच्या थवा उतरतो, आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. मुंबईत मलबार हिलवरच्या दोखम्यांमध्ये मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याचा पारशी समाजाचा शतकानुशतकांचा अंत्यविधी अडचणीत आला, तो याच घटनाक्रमात.

पुढचा भाग मला अधिक शिकवून जातो. २००६ मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांपर्यंत पोहोचतच राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकारच ३ मिलिलिटरवर आणावा लागला. गिधाडांना न बाधणारे मेलॉक्सिकॅम हाताशी होते, म्हणून पशुपालकाला पर्याय तरी देता आला. दरम्यान केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक ही गुरांना दिली जाणारी औषधेही घातक असल्याचे दिसले. त्यांच्यावर बंदी यायला २०२३ उजाडले. नुसती बंदी अपुरी पडते, हे माझे ठाम मत याच अनुभवावर उभे आहे. गरीब पशुपालकाच्या आजारी बैलाचा विचार न करता गिधाड वाचवता येत नाही.

त्यामुळे हा अभ्यास फक्त जंगलात फिरणाऱ्यांचा राहिलेला नाही. औषधशास्त्र, कायदा, संख्याशास्त्र किंवा गुरांचे दुखणे, यांपैकी काहीही ज्यांना कळते त्यांच्यासाठी इथे काम पडून आहे. अशा वाचकांनी पुढची प्रकरणे आपल्या विषयाची समजूनच वाचावीत, आणि जमेल तिथून कामाला लागावे.