वाट तुडवणाऱ्यांचा नकाशा

नकाशा म्हणजे सरकारी कागद, हे माझ्या अंगात मुरलेलं होतं. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून नोकरी केली. साखळी ओढत, प्लेन टेबल मांडत बांधाबांधाने हिंडलो. गावनकाशाची नक्कल हवी तर अर्ज, फी आणि शिक्का, हाच शिरस्ता. म्हणूनच ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा उभा कसा राहिला, ही गोष्ट मला मोजणीच्या इतिहासातली मोठी गोष्ट वाटते.

तिची सुरुवात २००४ साली लंडनमध्ये झाली. स्टीव्ह कोस्ट तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकत होता. ब्रिटनचं नकाशा खातं, ऑर्डनन्स सर्व्हे, १७९१पासूनचं. कामाचा दर्जा अव्वल. पण तेव्हा ती माहिती वापरायची तर परवाना घ्या, पैसे मोजा. आणि छापील नकाशावरून रेघ जरी उचलली तरी हक्कभंग. कोस्टने ठरवलं, नक्कल करायचीच नाही. जीपीएस यंत्र घेऊन रस्त्याने चालायचं, यंत्राने नोंदलेल्या बिंदूंची माळ संगणकावर चढवायची, तिच्यावरून रस्ता आखायचा आणि नाव पाटीवर वाचून लिहायचं. हे शक्य झालं त्याला आणखी एक कारण होतं. सामान्यांसाठीच्या जीपीएस संकेतात अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे. मे २०००मध्ये तिने ते थांबवलं. तोवर खिशातलं यंत्र सहज शंभर मीटरनं चुकायचं. एवढ्यात आमच्याकडे दोन शेतं मावतात.

मे २००६मध्ये या कामात सामील झालेली हौशी मंडळी शनिवार-रविवार गाठून आइल ऑफ वाइट या बेटावर जमली. बेट जेमतेम ३८० चौरस किलोमीटरचं. कुणी सायकलवर, कुणी मोटारीने, कुणी पायी, असा वाटून घेतलेला भाग फिरून त्यांनी बेटाचे रस्ते नोंदले. त्याच वर्षाअखेर याहूने आपल्या हवाई छायाचित्रांवरून रेखाटायची मुभा दिली आणि घरबसल्या काम करणारेही मिळाले.

छायाचित्रात एक खोच असते. डोंगराळ मुलखात ते काही मीटर सरकलेलं असतं. मग एकाच रस्त्याने वेगवेगळ्या लोकांनी नेलेल्या जीपीएसच्या माळा एकमेकींवर टाकायच्या. जिथे त्या दाट होतात तिथे रस्ता धरायचा, छायाचित्र सरकवून त्यावर बसवायचं आणि मगच रेघ मारायची. जुन्या टिपणावरून हद्द कायम करताना आम्हीही आधी न हललेले दगड शोधायचो. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक बदलाला करणाऱ्याचं नाव आणि वेळ चिकटलेली राहते. कुणी रस्ता हलवला तर दुसरा त्याला तिथेच विचारतो, का हलवलास? वाद झालाच तर आधी जागेवर काय दिसतं ते पाहायचं. आमच्या खात्यात याला स्थळपाहणी म्हणत, आणि माझ्या मते तिला पर्याय नाही.

१२ जानेवारी २०१०ला हैतीत भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा गल्लीबोळांसकट वापरता येईल असा नकाशा मदतपथकांपाशी नव्हता. उपग्रह कंपन्यांनी ताजी छायाचित्रं खुली केली आणि जगभरातून शेकडो माणसं कामाला बसली. पडलेल्या इमारती, अडलेले रस्ते, मैदानांत उभ्या राहिलेल्या राहुट्या, सगळं काही दिवसांत नकाशावर आलं. पथकं तो नकाशा हातातल्या यंत्रांत भरून घेऊन निघत. पण छायाचित्रात गल्लीचं नाव दिसत नाही. त्याच वर्षी काही जण हैतीत गेले, तिथल्या तरुणांना त्यांनी हे काम शिकवलं, आणि नावं त्या तरुणांनी भरली.

२०१२ साल मात्र कसोटीचं होतं. वापराचा परवाना बदलायचा ठरला तेव्हा ज्याने ज्याने भर घातली होती त्या प्रत्येकाची संमती मागितली गेली. ज्यांनी नकार दिला किंवा ज्यांचं उत्तरच आलं नाही, त्यांचं काम काढून टाकलं. ऑस्ट्रेलिया आणि पोलंडच्या नकाशात ठिकठिकाणी भगदाडं पडली. ती लोकांनी पुन्हा भरली. फुकट राबणाऱ्याच्या शब्दाला एवढी किंमत दिलेली पाहिली की मान आपोआप लवते.

आपल्याकडे नकाशे करायचे तर परवानग्यांचं जंजाळ होतं. फेब्रुवारी २०२१मध्ये केंद्राने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढून ते बरंचसं सोडवलं. ओपनस्ट्रीटमॅपवर गावाच्या एकाच बिंदूला अनेक भाषांतली नावं जोडता येतात. मराठीसाठी वेगळा रकाना आहे. मी निवृत्तीनंतर तोच भरत बसतो. रोमन लिपीतून आलेल्या नावांत ळ आणि ण हरवलेले असतात, वाड्यांची नावं तर नसतातच. गावातल्या कुणाला फोन लावून विचारावं लागतं, आणि माणसं आनंदाने सांगतात. वर शेजारच्या वाडीचंही सांगतात.

पांदण रस्त्यांचं काम सर्वांत मागे आहे. बाभळी-करंजांनी झाकलेली पांदण वरून ओळखूच येत नाही; तिथून चालत जावं लागतं. ती कुठे सुरू होते, ओढा कुठे ओलांडते, पावसाळ्यात ट्रॅक्टर जातो की नुसती बैलगाडी, या नोंदी टाकायला त्या गावचाच माणूस हवा.