खडी, माप आणि वेठबिगार

पैठण, वैजापूर, कन्नड, कुठल्याही गावातल्या म्हातारीला १९७२ साल विचारा. मिलोची लाल भाकर, सुकडी आणि खडी, हे ती आधी सांगते. आपल्या आया-सासवा तेव्हा दुष्काळी कामावर दगड फोडत होत्या. मजुरी मापावर. ढीग कमी भरला की पैसे कमी. हात सोलले, लेकरू रडलं, ते मापात कुठं येतं?

खरं तर किमान वेतनाचा कायदा १९४८ सालीच झाला होता. त्याचं विधेयक १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूरमंत्री असताना मांडलं होतं. कायद्याच्या यादीत रस्त्याचं काम होतं, दगड फोडणंही होतं. पण दुष्काळी काम म्हटलं की, ही तर मदत आहे, मिळतंय ते घ्या, असं ऐकावं लागे. राजस्थान सरकारनं तर कायदाच केला होता, की दुष्काळी कामाला मजुरीचे कायदे लागू नाहीत.

निवाडाही तिथलाच झाला. मदनगंज-हरमाडा रस्त्यावर दुष्काळी काम चालू होतं, मजुरांत दलित बाया पुष्कळ. किमान दर रोजाला ७ रुपये. पण माप साऱ्या टोळीचं मिळून घेत, आणि हातात त्याहून कमी पडे. संजित रॉय सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी १९८३ मध्ये न्यायालयानं सांगितलं, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही घटनेच्या २३ व्या कलमानं बंद केलेली वेठबिगारच आहे, मग दुष्काळ असो वा नसो. आदल्या वर्षी एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात याच न्यायालयानं म्हटलं होतं, की दमदाटी झाली तरच वेठ असं नाही. भुकेपोटी माणूस कमी पैशाला तयार होतो, तीही सक्तीच. आम्हाला हे वाचून खडीवरच्या आमच्या आज्या आठवल्या. त्यांना कुणी वेठबिगार म्हटलं नव्हतं.

आता लेकी वाळूज, चिकलठाण्याला पॅकिंगला जातात. ठरलेल्या तासांवर थांबवलं तर जादा तासाला दुप्पट दर, हे १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलंय. २०१९ च्या वेतन संहितेतही दुप्पटच आहे. तरी आमच्या गटातल्या एकीला ओव्हरटाइमचे पैसे साध्या दरानं मिळाले. ठेकेदार म्हणे, तू कागदावर सही दिलीस. अगं, सही दिली म्हणून कायद्यानं ठरवलेली मजुरी सुटत नाही; तसा करारच रद्द ठरतो.

तिनं हजेरीचं कार्ड जपून ठेवलंय. मंगळवारी आम्ही ते घेऊन कामगार कार्यालयात जाणार आहोत. ज्यांच्याकडे अशी कार्डं आहेत, त्यांनी सोबत या.