असीरगड आणि पडद्यावरील साक्ष

बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरांवर असीरगड आहे. गडावरील महादेवाच्या मंदिरात चिरंजीव अश्वत्थामा पहाटे येऊन फूल वाहून जातो, अशी त्या परिसरात श्रद्धा आहे. अलीकडे दूरचित्रवाणी वाहिन्यांनी या श्रद्धेवर अनेक कार्यक्रम केले. श्रद्धेची परीक्षा करणे हा आमचा हेतू नाही; ती प्रेक्षकांपुढे कशी मांडली जाते, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे. अशा कार्यक्रमांत रात्रीचा अंधार, गंभीर निवेदन, नटांनी वठविलेले प्रसंग आणि ग्रामस्थांच्या मुलाखती एकाच ओघात येतात. मुलाखत खरी असते, म्हणून तिला जोडून आलेला नाट्यप्रसंगही खरा भासू लागतो.

याच गडाविषयी इतिहासकारांपुढेही साक्षीचा प्रश्न आला होता. अकबराने १६०० साली गडास वेढा घातला आणि जानेवारी १६०१ मध्ये तो हस्तगत केला. मोगल दरबारी लेखक गडातील रोगराईचे कारण देतात. जेझुइट वृत्तांत लाच व विश्वासघात सांगतो. बादशहाबरोबर त्या वेळी जेरोम झेवियर हे जेझुइट धर्मगुरू होते. व्हिन्सेंट स्मिथ यांनी १९१७ च्या अकबरचरित्रात जेझुइट वृत्तांत ग्राह्य मानला. पुढे इतर अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले. धर्मगुरूंच्या वृत्तांतालाही पडताळणी चुकली नाही. वाचकाला दोन कागद शेजारी ठेवून असा विचार करता येतो. पडद्यापुढे बसलेल्यास तेवढी उसंत मिळत नाही.

हा मोह आपल्याही घरात शिरतो. माल्कम मगरिज यांनी १९६९ साली बीबीसीसाठी मदर तेरेसांवर माहितीपट केला. कलकत्त्याच्या ‘निर्मल हृदय’ या आश्रमातील अंधाऱ्या दालनाचे चित्रण अनपेक्षितपणे उजळ आले. मगरिज यांनी तो चमत्कार मानला आणि १९७१ च्या आपल्या पुस्तकात तसे लिहिले. छायाचित्रणकार केन मॅकमिलन यांनी मात्र त्याचे श्रेय कोडॅकच्या नव्या फिल्मला दिले. मदर तेरेसांची सेवा त्या प्रकाशावर अवलंबून नव्हती. परंतु ज्या प्रेक्षकाने आपला विश्वास त्याच प्रकाशावर टेकविला, त्याला मॅकमिलन यांचा खुलासा ऐकून सेवेविषयीही शंका येण्याचा धोका होता.

म्हणून मंडळीत माहितीपट दाखविण्यापूर्वी पाळकांनी व धर्मशिक्षकांनी तो स्वतः पाहावा. त्यातील कोणता भाग प्रत्यक्ष चित्रित आहे, कोणता ऐकीव आहे आणि कोणता नटांकरवी उभा केला आहे, हे श्रोत्यांना आधीच सांगावे. नंतर प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवावा. असे केल्याने चित्रपटाचा प्रभाव थोडा उणावेल. पण पुढे कोणी खुलासा केला, तरी आपल्या लोकांना फसविले गेल्यासारखे वाटणार नाही.