न मोडलेल्या इंजिनाची दुरुस्ती

१८०७ साली रॉबर्ट फुल्टनची आगबोट हडसन नदीतून न्यूयॉर्कहून ऑल्बनीला गेली. तिचे इंजिन इंग्लंडच्या ‘बोल्टन अँड वॉट’चे. त्याचे मूळ एका फसलेल्या दुरुस्तीत आहे.

ग्लासगो विद्यापीठाने न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाची छोटी प्रतिकृती लंडनचे उपकरणकार सिसन यांच्याकडे धाडली होती. तेथे ती दुरुस्त झाली नाही. १७६३ मध्ये ती जेम्स वॉटच्या हाती आली. त्याने ती चालती केली, तरी चार-दोन ठोक्यांतच वाफ संपे!

सिसन यांना नावे ठेवणे अन्यायाचे. दोष रचनेतच होता. प्रत्येक ठोक्याला सिलिंडर थंड केला जाई आणि बहुतेक वाफ तो पुन्हा तापवण्यातच खर्ची पडे. १७६५ मध्ये वॉटला उपाय सुचला: वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र. इंधनाची मोठी बचत झाली. कोळशाच्या खाणीवरच्या इंजिनाला कोळसा शेजारीच मिळे. बोटीला मात्र आपले सरपण स्वतःच वाहावे लागते.