रंगांची काटकसर : मळवलीच्या शिळा ते संगणकाचा पडदा

आषाढ-श्रावणात कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने वांगणी स्टेशन सोडले की पुढचे स्टेशन शेलू. गाडी थांबली की खिडकीतून बाहेर पाहावे. कालपरवा लावणी झालेल्या खाचरातील हिरवा रंग पिवळसर, फिकट असतो. पंधरा दिवसांपूर्वी लावलेल्या शेजारच्या खाचरातील रोपांनी मूळ धरलेले असते, त्यांचा हिरवा गडद असतो. बांधावरच्या गवताचा हिरवा आणखी निराळा. दूरवरच्या माथेरानच्या डोंगराचा हिरवा तर निळ्याकडे झुकलेला. आपण 'हिरवेगार' या एका शब्दात ज्याची बोळवण करतो, त्यात डोळ्याला कितीतरी रंग वेगळे दिसत असतात.

आता हेच दृश्य एखाद्या विद्यार्थ्याला शाळेतील संगणकावर काढायला सांगा. तो पडद्यावरील रंगांच्या पट्टीकडे जाईल, त्यातील एका हिरव्या चौकोनावर टिचकी मारील आणि सगळे शेत त्या एका रंगाने भरून टाकील. त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. त्याच्यासमोर जी पट्टी ठेवली होती, तिच्यातूनच त्याने निवड केली. मग प्रश्न असा, की ही पट्टी आली कोठून? मोजकेच रंग का, आणि तेच का? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, तर संगणकाच्या आधीच्या काळात जावे लागते. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. शेलूवरून जाणारा हाच लोहमार्ग कर्जतनंतर बोरघाट चढून खंडाळा, लोणावळा आणि मग मळवलीला पोहोचतो. कार्ल्याच्या लेण्यांना जाणारे प्रवासी जेथे उतरतात, ते हे मळवली.

एक रंग, एक शिळा

चित्रकार राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांनी १८९४ साली मुंबईत रंगीत चित्रे छापण्याचा कारखाना काढला. पुढे १८९९ साली तो मळवलीला हलविण्यात आला. फ्रिट्झ श्लायशर नावाचे जर्मन तंत्रज्ञ तेथे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी कारखाना त्यांच्याच मालकीचा झाला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांची जी चित्रे आपल्या आजी-पणजीच्या घरांतील भिंतींवर टांगलेली असत, ती अशा छपाईतून आलेली होती. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी काही काळ या छापखान्यासाठी काम केले होते. १९७२ साली लागलेल्या आगीत हा कारखाना जळाला.

तेथील छपाईची पद्धत शिळाछापाची होती. बव्हेरियात आलॉईस झेनेफेल्डर याने १७९६ ते १७९८ या काळात ती शोधून काढली. तिचे तत्त्व शाळेत सहज दाखविता येते : तेल आणि पाणी मिसळत नाहीत. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे आणि शिळा पाण्याने ओली करायची. मग तिच्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवला, की शाई फक्त चित्रावर बसते. ओल्या भागावर बसत नाही.

परंतु एका वेळी एका शिळेवरून एकच शाई छापली जाते. रंगीत चित्र हवे असेल, तर प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागते. म्हणून कारागीर आधी मूळ चित्राच्या बाह्यरेषा काढून घेई. त्या सर्व शिळांवर उमटविल्या जात. मग एका शिळेवर तो फक्त पिवळ्याच्या जागा भरी, दुसरीवर फक्त निळ्याच्या, तिसरीवर लालाच्या. एकेका चित्रासाठी दहा-बारा किंवा त्याहूनही अधिक शिळा लागत. तोच कागद प्रत्येक शिळेवरून नेमक्या त्याच जागी दाबावा लागे. तो केसभर सरकला तरी ओठांचा लाल रंग ओठांच्या बाहेर जाई.

शिळा महाग, जड आणि श्रमाच्या. तेव्हा या चित्राला किती आणि कोणते रंग द्यायचे, हा निर्णय कारागिराला आधीच घ्यावा लागे. गालावरची फिकट होत जाणारी गुलाबी छटा कमी शिळांत कशी आणायची? त्यासाठी तो ठिपक्यांचा आधार घेई. जेथे गडद हवे तेथे ठिपके दाट, जेथे फिकट हवे तेथे विरळ. थोड्या अंतरावरून पाहताना डोळा ठिपके विसरतो आणि त्याला सलग छटा दिसते.

या पद्धतीतील एक गोष्ट ध्यानात ठेवू या. शिळेवर 'कोठे' हे कोरलेले असते, 'कोणता रंग' हे कोरलेले नसते. त्याच शिळेला उद्या निळ्याऐवजी जांभळी शाई लावली, तर चित्रातील निळ्याच्या सगळ्या जागा एकदम जांभळ्या होतील. जागा आणि रंग यांची ही फारकत संगणकात पुन्हा भेटणार आहे.

चित्रबिंदूत रंग नाही, क्रमांक आहे

संगणकाचा पडदा हा लहान लहान चित्रबिंदूंचा बनलेला असतो. प्रत्येक बिंदूत लाल, हिरवा आणि निळा असे तीनच प्रकाश असतात. तीन पुरतात, कारण आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या आहेत. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ साली लंडनमध्ये तीन रंगांच्या गाळण्यांतून घेतलेली छायाचित्रे एकावर एक टाकून हे तत्त्व पडद्यावर दाखविले होते. येथे शाई आणि प्रकाश यांतील फरक मुलांना सांगणे आवश्यक आहे. शाई पांढऱ्या कागदावरून येणारा काही प्रकाश शोषून घेते, म्हणून पिवळी आणि निळी शाई मिळून हिरवा दिसतो. पडद्यावर मात्र प्रकाशात प्रकाश मिळविला जातो. तेथे लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो.

आता थोडे गणित करू. प्रत्येक प्रकाशाच्या तीव्रतेच्या २५६ पायऱ्या मानल्या, तर २५६ × २५६ × २५६ = १,६७,७७,२१६ रंग मिळतात. यासाठी प्रत्येक बिंदूला ३ बाइट जागा लागते. ६४० × ४८० बिंदूंच्या पडद्यावर ३,०७,२०० बिंदू असतात. म्हणजे एका चित्राला ९,२१,६०० बाइट लागतील. आज हा आकडा क्षुल्लक आहे. पण १९८१ साली आयबीएमने आपल्या वैयक्तिक संगणकासाठी काढलेल्या पहिल्या रंगीत चित्रकार्डावर एकूण स्मृती होती १६ किलोबाइट, म्हणजे १६,३८४ बाइट. ३२० × २०० बिंदूंचे चित्र त्यात बसवायचे, तर एका बिंदूच्या वाट्याला दोनच बिट येतात (एकूण १६,००० बाइट). दोन बिटांत ०, १, २, ३ एवढेच लिहिता येते. म्हणून त्या चित्रांत एका वेळी चारच रंग दिसत.

या अडचणीतून निघण्याचा मार्ग म्हणजे पॅलेट. चित्रकाराच्या हातातील रंगांच्या तबकडीवरून हे नाव आले. बिंदूत रंग लिहायचा नाही, फक्त क्रमांक लिहायचा. कोणत्या क्रमांकाचा कोणता रंग, याचा तक्ता वेगळा ठेवायचा. क्रमांकाला १ बाइट दिला, तर एका वेळी २५६ रंग वापरता येतात, आणि हे २५६ कोणते हे प्रत्येक चित्रागणिक ठरविता येते. मघाचे ६४० × ४८० चे चित्र आता ३,०७,२०० बाइटांत बसते; तक्त्याला २५६ × ३ = ७६८ बाइट अधिक. तक्त्यातील एक ओळ बदलली, की त्या क्रमांकाचे सर्व बिंदू एकदम रंग बदलतात. मळवलीच्या शिळेला दुसरी शाई लावण्यासारखेच हे झाले.

कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी १९७३ साली 'सुपरपेंट' ही चित्रे काढण्याची संगणक यंत्रणा चालू केली, तीत असा तक्ता होता. १९८७ साली आयबीएमच्या 'व्हीजीए' यंत्रणेने तो सामान्य ग्राहकापर्यंत आणला : २,६२,१४४ रंगांतून निवडलेले २५६ रंग, तेही ३२० × २०० बिंदूंच्या चित्रात. ६४० × ४८० बिंदू हवे असतील, तर १६ रंगांवर समाधान मानावे लागे.

निवड कोण करणार?

मळवलीला रंगांची निवड कारागिराचा डोळा करीत होता. संगणकात ती कोणी करायची? पॉल हेकबर्ट यांनी १९८२ साली यावर एक सुरेख पद्धत मांडली. चित्रातील सर्व रंग एका पेटीत मांडले आहेत अशी कल्पना करा. पेटीची लांबी म्हणजे लाल, रुंदी म्हणजे हिरवा आणि उंची म्हणजे निळा. पेटीची जी बाजू सर्वांत लांब असेल, त्या बाजूने तिचे असे दोन भाग करायचे, की दोन्हींत सारखेच बिंदू यावेत. मग त्या भागांचे पुन्हा भाग. असे २५६ भाग झाले, की प्रत्येक भागातील रंगांची सरासरी तक्त्यात लिहायची.

शेलूच्या भातशेताच्या छायाचित्राला ही पद्धत लावली, तर तक्त्यातील बहुतेक जागा हिरव्या छटांना मिळतील, आणि ते योग्यच आहे. पण समजा, त्या शेतात लाल लुगडे नेसलेली एक बाई लावणी करीत आहे. सगळ्या चित्रात तिच्या लुगड्याचे बिंदू शंभर-दोनशे. मोजणीत त्यांचे वजन नगण्य, तेव्हा त्यांची सरासरी शेजारच्या चिखलाच्या तपकिरी रंगाबरोबर होऊन तो लाल रंग मळकट होण्याचा संभव असतो. वास्तविक आपला डोळा त्या चित्रात प्रथम जातो तो तिच्याकडेच. शिळेवर काम करणाऱ्या कारागिराने त्या लालासाठी नक्कीच एक शिळा राखली असती. मोजून केलेली निवड आणि पाहून केलेली निवड यांतील हा फरक आहे. पुढे अनेकांनी या पद्धतीत सुधारणा केल्या, त्या हाच फरक कमी करण्यासाठी.

ठिपक्यांची युक्तीही संगणकाने उचलली. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांची १९७६ साली प्रसिद्ध झालेली पद्धत अशी : बिंदूला हवा तो रंग तक्त्यात नसेल, तर जवळचा द्यायचा आणि राहिलेली तूट शेजाऱ्यांत वाटून टाकायची. उजवीकडच्याला ७/१६, खालच्याला ५/१६, खाली डावीकडच्याला ३/१६ आणि खाली उजवीकडच्याला १/१६. चारही अपूर्णांकांची बेरीज १ येते, म्हणजे एकूण हिशेब चुकत नाही. अपूर्णांकांचा उपयोग विचारणाऱ्या मुलांना हे उदाहरण जरूर द्यावे.

एक तबकडी, अनेक चित्रकार

खरी पंचाईत झाली ती एकाच पडद्यावर अनेक प्रोग्रॅम चालू लागल्यावर. मळवलीला एका वेळी एक चित्र छापले जाई. १९९० साली आलेल्या विंडोज ३.० मध्ये मात्र एका खिडकीत छायाचित्र, दुसरीत नकाशा आणि तिसरीत पत्र असे. २५६ रंगांच्या पडद्यावर तक्ता एकच, आणि मागणारे तीन. तडजोड अशी झाली : २० रंग यंत्रणेने स्वतःकडे राखून ठेवायचे, म्हणजे चौकटी, अक्षरे आणि बटणे सदैव नीट दिसतील. उरलेल्या २३६ जागांवर पहिला हक्क समोरच्या खिडकीचा. मागच्यांनी त्यातल्या त्यात जवळचे रंग घ्यायचे. खिडकी बदलली, की मागची चित्रे क्षणभर विचित्र रंगांची होत. ज्यांनी त्या काळी संगणक वापरला, त्यांना हे आठवत असेल.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्यामुळे एक शिस्त पाळावी लागे. रेघ काढण्यासाठी 'पेन' आणि भरण्यासाठी 'ब्रश' यंत्रणेकडून मागून घ्यायचा, काम झाले की पहिला जागच्या जागी ठेवायचा आणि आपण बनविलेला मोडून टाकायचा. हे विसरले, तर सर्वांची सामायिक स्मृती भरून जाई आणि इतरांचेही चित्र काढणे थांबे. चित्रकलेच्या तासाला ब्रश परत न ठेवणाऱ्या मुलामुळे सगळ्या वर्गाची जी अडचण होते, तीच ही.

आज आणि वर्गात

आज स्मृती स्वस्त झाली आहे. पडदे सर्रास १,६७,७७,२१६ किंवा त्याहून अधिक रंग दाखवितात. तरी पॅलेट गेले नाही. 'जिफ' चित्रे आजही २५६ रंगांचा तक्ता वापरतात, आणि प्रत्येक प्रोग्रॅममध्ये तयार रंगांची पट्टी समोर असतेच. पूर्वी निवड करणे यंत्राच्या मर्यादेमुळे भाग होते. आता मर्यादा नाही, पण निवड दुसऱ्या कोणी करून ठेवलेली आहे आणि मूल ती मुकाट्याने स्वीकारते. रंग निवडताना आणखी एक भान हवे. लाल आणि हिरवा यांत फरक न कळणारी मुले जवळजवळ प्रत्येक शाळेत असतात. या दोषाचे जनुक 'एक्स' गुणसूत्रावर असल्याने मुलींपेक्षा मुलग्यांत तो पुष्कळ अधिक आढळतो. 'बरोबर' हिरव्याने आणि 'चूक' लालने दाखविणारा तक्ता त्यांना वाचता येत नाही. रंगाबरोबर एखादी खूण किंवा अक्षरही द्यावे.

हा सगळा इतिहास संगणकाशिवायही शिकविता येतो. चौकटीच्या कागदावर १६ × १६ घरे आखून घ्या. प्रत्येक गटाने खिडकीतून किंवा शाळेच्या आवारातून दिसणारे दृश्य नीट पाहून त्यातील चारच रंग निवडावेत, प्रत्यक्ष रंग मिसळून ते तयार करावेत आणि ०, १, २, ३ असा त्यांचा तक्ता करावा. मग घरांत रंग न भरता फक्त क्रमांक लिहावेत. क्रमांकांचा कागद आणि तक्ता दुसऱ्या गटाला द्यावा. त्यांनी रंग भरून चित्र पुरे करावे. नंतर तोच क्रमांकांचा कागद तिसऱ्या गटाच्या तक्त्याप्रमाणे रंगवून पाहावा.

चित्रे भिंतीवर लावल्यावर प्रत्येक गटाला दोन प्रश्न विचारावेत : तुम्ही कोणता रंग सोडून दिला? आणि तो का सोडला? शेलूच्या शेताला एक हिरवा पुरत नाही, हे या उत्तरांतून मुलेच आपल्याला सांगतील.